मटकीचे तीन डबे

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

जेवणं झाली असतील तर निवांत बसा, नसतील तर भाकऱ्या थापता थापता ऐका.

आज मी मुलींच्या प्रोजेक्टबद्दल बोलणार आहे. बारावीला आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो, त्याचा विषय कसा निवडायचा आणि त्याला मार्गदर्शक कुठून शोधायचा, एवढंच. तुम्ही म्हणाल, हे मुलींना सांगा की, आम्हाला कशाला? पण मुलींना वर्गात सांगून मी दमले. प्रोजेक्ट बिघडतो तो बहुतेक वेळा घरी बिघडतो, आणि जमतो तोही घरीच जमतो. म्हणून तुमच्याशी बोलते.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र आणि पर्यावरण शिकवते. पर्यावरण हा विषय सायन्स असो, आर्ट्स असो, कॉमर्स असो, सगळ्यांनाच घ्यावा लागतो आणि त्यात प्रकल्प असतो. पुढं पदवीलाही तो सुटत नाही. आता नवीन धोरणात तर त्याचं वजन वाढलंय. चार वर्षांची पदवी करणाऱ्या मुलीला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त मिळाले, तर चौथं वर्ष संशोधनाचं घेता येतं आणि त्यात मोठा प्रकल्प असतो. म्हणजे बारावीला जी मुलगी प्रोजेक्ट नुसता उतरवून काढते, ती चार-पाच वर्षांनी तिथं जाऊन अडते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आधी माझी चूक सांगते. बरीच वर्षं मी जूनमध्ये फळ्यावर विषयांची यादी लिहून द्यायची. जागतिक तापमानवाढ. ओझोनचा थर. प्लास्टिक प्रदूषण. एकेका विषयावर दहा-दहा मुली. जानेवारीत वह्या यायच्या, रंगीत कव्हर, चकचकीत चित्रं, सगळ्यांत तीच वाक्यं. मीही टिक मारून सही करायची. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे मला माहीत होतं. मुलींनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

एके वर्षी एका मुलीची आई वही घेऊन माझ्याकडं आली. गटातून घेतलेल्या पैशांतले तीनशे रुपये त्या वहीवर गेले होते. तिला वाचता येत होतं, पण सावकाश. वही माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "मॅडम, म्या पुरती वाचली. ह्यात आमच्या गावाचं काय हाय?" बर्फ वितळल्याचं चित्र होतं, अस्वलाचं चित्र होतं. गावाचं काही नव्हतं. ती भांडायला आली नव्हती, तिला खरोखर कळून घ्यायचं होतं की पैसे कशाचे गेले. मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलीलाही तोंडी परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, ते वेगळंच.

त्यानंतर मी यादी देणं बंद केलं.

आता मी मुलींना एक साधी वही करायला सांगते. आठवडाभर रोज त्यात एकच गोष्ट लिहायची: आज घरात, रानात किंवा वाटेवर असं काय दिसलं किंवा ऐकलं ज्याचं कारण मला माहीत नाही. किंवा ज्यावरून घरात दोन माणसांचं दोन म्हणणं आहे. या दुसऱ्या प्रकारातून तर फार चांगले विषय निघतात. जिथं सासू-सुनेचं जमत नाही तिथं प्रोजेक्टचा विषय हमखास सापडतो, असं मी गमतीनं म्हणते.

तशीच एक मुलगी. माण तालुक्यातलं कोरडवाहू गाव, घरात मटकी, हुलगा, बाजरी. तिच्या वहीत चौथ्या दिवशी लिहिलं होतं: "आई म्हणते मटकीत गोळी टाकू. आजी म्हणते राख लाव. दोघी बोलत नाहीत."

गोळी म्हणजे धान्यात टाकायची ती कीड मारायची गोळी, तुम्हाला माहीत आहेच. मैत्रिणींनो, इथं मी विषय सोडून थोडं बोलणार. त्या गोळीला हवेतली ओल लागली की तिच्यातून वायू सुटतो, आणि तो जसा किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो. त्यावर उतारा म्हणून औषध नाही. ती हाताळायची ती शिकलेल्या माणसानं, गोदामात, बंदोबस्तानं. आपण निजतो त्या खोलीत, पोरांच्या उशाशी ठेवलेल्या कणगीत ती टाकायची नाही. त्या घरात एकच खोली आणि पडवी होती. तेव्हा हे सासू-सुनेचं भांडण म्हणजे साधं भांडण नव्हतं. आईचंही चुकत नव्हतं बरं का. आदल्या वर्षी तिची दोन पायली मटकी भुंग्यानं पोखरून पीठ केली होती, आणि राखेवरचा तिचा विश्वास उडाला होता.

मुलगी म्हणाली, "मॅडम, मला 'धान्य साठवण आणि कीड नियंत्रण' असा विषय घ्यायचाय." मी म्हटलं, हा विषय नाही, हे पुस्तकाचं नाव झालं. विषय कसा असावा? ज्याचं उत्तर तुला तुझ्या हातानं, तुझ्या गावात, चार महिन्यांत, घरातल्या वस्तूंनी काढता येईल. मग आम्ही दोघींनी ते वाक्य लहान लहान करत नेलं. सगळं धान्य नको, मटकी. सगळे उपाय नकोत, राख आणि कडुलिंबाचा पाला. सगळं गाव नको, एक घर. शेवटी वाक्य झालं: "राख लावलेल्या, कडुलिंबाचा पाला घातलेल्या आणि काहीच न घातलेल्या मटकीला तीन महिन्यांत किती भुंगा लागतो?" याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे बघा. तेच मला हवं असतं. प्रश्नचिन्ह लागत नसेल तर विषय अजून पिकला नाही असं समजायचं.

विषय असा आकसला की मुली हिरमुसतात. त्यांना वाटतं, एवढासाच? मैत्रिणीचा विषय 'भारतातील जलसंकट' आणि माझा मटकीचा डबा? पण भारताचं पाणी कुणाच्या हातानं मोजून होणार आहे? गावच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह गळतोय, त्याचं मोजता येतं. एक लिटरची बाटली धरायची आणि घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत भरली, तर तासाला सहा लिटर, दिवस-रात्रीचं १४४ लिटर. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे त्या एका व्हॉल्व्हमधून अडीच माणसांचं पाणी रोज मातीत जातंय. महिनाभर रोज तीन वेळा मोजून लिहिलं की हा झाला प्रोजेक्ट, आणि तो कागद ग्रामसभेत ठेवताही येतो.

किंवा पाऊस घ्या. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी पट्टीनं आत किती मिलिमीटर पाणी साचलं ते बघायचं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराचा पत्रा चाळीस चौरस मीटर असेल आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या पत्र्यावर वीस हजार लिटर पडतं. आपण ते अंगणातून ओढ्याला सोडतो आणि मार्चमध्ये टँकरची वाट बघतो. गॅस घेऊन घेऊ शकता: गॅस आल्यावर सरपण किती कमी झालं? आठवडाभर रोज सकाळी मोळी काट्यावर ठेवायची, रात्री उरलेली ठेवायची. चुलीपुढं बसणाऱ्या बाईइतकं याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

आणखी एक, ऋतू बघून विषय घ्या. हे शहरातल्या पुस्तकात नसतं. पावसाचा विषय दिवाळीनंतर सुचून काय उपयोग? विहिरीच्या पाण्याचा विषय असेल तर श्रावणापासून दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून मोजायला हवी, म्हणजे जानेवारीपर्यंत पाणी कसं उतरलं ते दिसतं. सोयाबीनच्या उगवणीचा विषय पेरणीच्या आधी. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे, पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर तरी यायला हवेत, त्याहून कमी आले तर बियाणं जास्त टाकायचं. हे तुमच्यातल्या कितीतरी जणी दरसाल करता. तुम्ही त्याला प्रोजेक्ट म्हणत नाही, एवढंच. बारावीच्या मुलीला जून-जुलैतच विषय ठरवायला लावा, कारण जानेवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर येतात, तेव्हा सुचलेला विषय झेरॉक्सच्या दुकानातच जातो.

आता मार्गदर्शकाकडं वळू. मुली त्याला 'गाईड' म्हणतात. आपल्याकडं गाईड म्हटलं की उत्तरांचं पुस्तक डोळ्यांपुढं येतं. इथं नेमकं उलटं असतं. हा गाईड उत्तर देत नाही. तो विचारतो, "हे तुला कशावरून कळलं?" आणि हेच विचारत राहतो, पार शेवटपर्यंत.

कॉलेजातले एक सर किंवा मॅडम वहीवर सही करायला असतातच. पण माझ्याकडं एका वर्षी साठ-सत्तर मुलं असतात, मी प्रत्येकाच्या डब्यात डोकावू शकत नाही. म्हणून मी मुलींना सांगते, दोन माणसं शोधा. एक कॉलेजातलं, ज्याला मोजायची आणि लिहायची रीत माहीत आहे. दुसरं, ज्याचे हात त्या कामात मुरलेले आहेत. त्या मटकीवाल्या मुलीला मी विचारलं, तुझं दुसरं माणूस कोण? ती म्हणाली, कृषी विभागाचे साहेब. मी म्हटलं, त्यांनाही भेट, पण मटकी कुणाच्या कणगीत टिकते? तेव्हा तिच्या लक्षात आलं. आजीच्या.

आजी शाळेत गेलेली नव्हती. मार्गदर्शक म्हणजे शिकलेलाच हवा असं आपल्या डोक्यात बसलंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, घरात बियाण्यांची बँक केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी कसं राखावं हे कुणाला शिकायचं असेल तर ते राहीबाईंकडं जाणार, त्यांचं प्रमाणपत्र विचारणार नाही.

तर पहिली बैठक झाली आजी, मुलगी आणि मी अशी, त्यांच्या पडवीत. मी म्हटलं, तिन्ही डब्यांत प्रत्येकी एक किलो मटकी घालू. आजी म्हणाली, "किलो? पावशेर घाला." पावशेरावर तडजोड झाली. मग मी म्हटलं, तिन्ही डब्यांना सारखी कीड लागायची संधी मिळायला हवी, म्हणून प्रत्येक डब्यात वीस-वीस जिवंत भुंगेरे सोडायचे, आणि तोंडाला फडकं बांधायचं. आजी उठून उभीच राहिली. "मुद्दाम किडं सोडायचं? अन्नाचा आसला खेळ करत्यात व्हय बाई? आन् एका डब्याला काईच लावायचं न्हाई? मंग त्यो किडणारच की!"

मी समजावत होते, पण खरं उत्तर मुलीनं दिलं. ती म्हणाली, "आजी, आईला तुझ्या राखेवर भरवसा नाही. काही न लावलेला डबा शेजारी नसला तर आई म्हणेल, यंदा भुंगाच नव्हता." आजी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं स्वतः जुन्या मटकीतून भुंगेरे वेचून दिले, साठ, मोजून. एवढं सगळं ती सून पडवीच्या दारातून बघत होती.

मुलीला चौथा डबा गोळीचा ठेवायचा होता, म्हणजे आईचंही म्हणणं तपासून होईल. मी नको म्हटलं, कडक शब्दांत. मार्गदर्शकाचं हेही काम असतं. ज्यानं जिवाला धोका आहे ते तो करू देत नाही, मग प्रोजेक्ट अपुरा राहिला तरी चालेल.

तुमच्या गावात अशी दुसरी माणसं कोण आहेत, जरा आठवून बघा. आशाताई, अंगणवाडीताई, जुन्या सुईणी. कृषी सहायक. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ, तिथं माती तपासता येते. पाण्याचा विषय असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेची जिल्ह्याला कचेरी असते. ते निरीक्षणासाठी ठरवलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आपल्या भागातली अशी विहीर कोणती आणि तिचे आकडे काय, हे मुलीनं जाऊन विचारलं तर सांगतात. आणि जल जीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्यातली कुणी ते घेतलं असेल आणि किट कपाटात पडलं असेल, तर बाई गं, तू मार्गदर्शक आहेस. किट काढ.

विचारायचं कसं, हे मुलींना खरंच येत नाही. त्या जातात आणि म्हणतात, "सर, मला प्रोजेक्टसाठी माहिती पाहिजे." समोरच्याला कळत नाही कसली माहिती, तो एखादं पत्रक हातात देतो आणि वाटेला लावतो. मी सांगते, एका कागदावर चार ओळी लिहून जा. माझं नाव, कॉलेज. माझा प्रश्न हा. मी आतापर्यंत हे केलं. मला तुमच्याकडून एवढंच हवंय, आणि तुमचा अर्धा-अर्धा तास तीन वेळा मिळाला तर पुरे. ज्याला एवढं नेमकं विचारलं जातं तो सहसा नाही म्हणत नाही. आणि नाही म्हणालाच तर "मग मी कुणाला विचारू?" हे विचारून यायचं. या एका वाक्यानं किती मुलींना माणसं मिळालीत.

आता आयांच्या पोटातली भीती. मुलीला कुणाकडं पाठवायचं म्हटलं की आपला जीव खालीवर होतो, आणि म्हणून आपण म्हणतो, नको ते प्रोजेक्टचं खूळ, आण विकतचं. मी म्हणते, पाठवा, पण रीत ठेवून. भेट दिवसा, कॉलेजात नाहीतर कचेरीत, दार उघडं. बरोबर एक मैत्रीण. कुठं आणि किती वाजेपर्यंत, हे घरी माहीत. मार्गदर्शक एकटीला बोलवत असेल, अवेळी फोन करत असेल, प्रोजेक्ट सोडून भलतंच बोलत असेल, तर मार्गदर्शक बदलायचा, मुलगी नाही घरी बसवायची. जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं अंतर्गत तक्रार समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. कॉलेजही त्यात आलं. मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा की तू येऊन सांगितलंस तर तुझं कॉलेज बंद होणार नाही. हे सांगितलेलं नसतं म्हणूनच मुली बोलत नाहीत.

काही विषय घराघरांत जाऊन विचारायचे असतात. किती बाळंतपणं घरी झाली, कोण किती रुपये दारूवर घालवतो, पाळीत काय वापरता. विषय चांगले आहेत, पण आपलं गाव लहान. नाव न लिहिता "खालच्या आळीतली एकटी राहणारी बाई" असं लिहिलं तरी सगळ्या गावाला कळतं कोण ते. मुलीनं आधी विचारायचं, "मी हे लिहू का?" आणि कुणी नको म्हटलं तर वही मिटायची. एका मुलीनं मला तिच्या वहीतलं एक पान फाडून दाखवलं होतं, त्या बाईनं दुसऱ्या दिवशी येऊन नको म्हटलं म्हणून. त्या फाडलेल्या पानाचे मी तिला जास्त गुण दिले.

आणि तुम्ही काय द्यायचं? पैसे फारसे लागत नाहीत. वेळ द्या. संध्याकाळी पाच ते सहा मुलगी पाणी, केर, भांडी यातून सुटली पाहिजे, रोज नाही तर आठवड्यातून तीन दिवस तरी. मुलगा प्रोजेक्ट करत असतो तेव्हा त्याला कुणी उठवत नाही, हे मी सांगायला नको. तुमच्या गटाच्या बैठकीत एकदा मुलींना बोलवा, त्यांच्या वहीतले प्रश्न वाचून घ्या. वीस बायका बसलेल्या असतात, कुणाला ना कुणाला काहीतरी माहीत असतं. फक्त एक करू नका, तिचं तुम्ही लिहून देऊ नका, आणि मोठ्या भावाकडून लिहून घेऊ नका. वेडंवाकडं असू दे, तिचं असू दे.

मटकीचं काय झालं ते सांगते. श्रावणात डबे भरले होते. दर पंधरा दिवसांनी ती प्रत्येक डब्यातून शंभर दाणे काढून भोकं पडलेले किती ते मोजायची आणि लिहायची. दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती भुंगेऱ्याची अंडी. अळी दाण्याच्या आतच वाढते, बाहेर दिसत नाही, आणि उबेत महिनाभरात नवा भुंगेरा भोक पाडून बाहेर येतो. हे तिला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण आजीला ते ठिपके दाखवल्यावर आजी म्हणाली, "ह्ये ठिपकं म्या जलमभर बघितल्यात, अंडी हायत ह्ये कुणी सांगितलंच न्हाई." म्हणजे शिकणं दोन्हीकडून चाललं होतं.

दिवाळीनंतर डबे उघडले. काहीच न लावलेल्या मटकीत हात घातला तर बोटांना पीठ लागत होतं. राखेच्या डब्यात भोकाचा दाणा शोधावा लागत होता. राख बारीक असते, दाण्यांच्या फटीत बसते, भुंगेऱ्याला हलू देत नाही आणि त्याच्या अंगावरचं कवच घासून त्याला सुकवते. पण कडुलिंबाच्या डब्यानं घोळ केला. त्यात आम्हाला वाटलं होतं त्याहून पुष्कळ कीड होती आणि कुबट वास येत होता. मुलगी रडवेली झाली. तिला वाटलं प्रोजेक्ट फसला, आणि तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, तिसरा डबा काढून टाकू का?" मी म्हटलं, कशावरून असं झालं ते आधी आजीला विचार.

आजीनं डब्यातला पाला हातात घेऊन चुरगळला. "पोरी, पाला वला घातलास. सावलीत चांगला कडकडीत वाळवायचा आस्तुया." मला हे सुचलं नव्हतं, माझ्या पुस्तकातही नव्हतं. मुलीनं ते तसंच लिहिलं: पाला ओला होता, त्यामुळं पाल्याबद्दल या प्रयोगातून काही सांगता येत नाही. तिनं हेही लिहिलं की प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन डबे हवे होते, पण तेवढी मटकी नव्हती. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनी त्या दोन वाक्यांवरच तिला दहा मिनिटं विचारलं, आणि ती बोलत राहिली.

त्या वर्षी त्यांच्या घरात गोळी आली नाही. आईनं नव्या मटकीला स्वतः राख चोळली, सासूला न विचारता, पण सासूच्या समोर.

वहीच्या पहिल्या पानावर आभार लिहितात, तिथं मुलीनं आजीचं नाव माझ्या आधी घातलं होतं. तिनं ते आजीला वाचून दाखवलं. आजीनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, वही हातात धरून बघितली, आणि मला म्हणाली, "त्ये समदं ठीक हाय बाई, पर त्यो किडलेला डबा कुटं ठिवलाय? कोंबड्यास्नी तरी घालू द्या."